तितिरमाऱ्यांचा कप्पा

आमच्या वडिलांना सगळं शहापूर भय्याजी म्हणतं, म्हणून आम्ही पोरंही भय्याजीच म्हणत आलो. 'बाबा' म्हटलं तर दुसऱ्या कुणाला तरी हाक मारली असेल असं समजून ते वळूनही बघत नसत. एसटीत कंडक्टर होते, भंडारा डेपोला. बाकीचे कंडक्टर विचारायचे, "कुठं जायचं?" भय्याजी विचारायचे, "कोनाचे तुमी?" आडनाव कळल्याशिवाय तिकीट फाटत नसे. आडनावावरून गाव, गावावरून आजोबा, आणि आजोबांचा पत्ता लागेपर्यंत त्या प्रवाशाची उतरायची जागा मागे पडलेली असे. लोक कावायचे, पण पुन्हा त्याच गाडीला यायचे. आपल्या आजोबाचं नाव परक्या माणसाच्या तोंडून ऐकलं की कुणालाही बरं वाटतं.

निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात किंवा घरातल्यांच्या डोक्यावर बसतात. भय्याजींनी एक कपाट आणलं. भंडाऱ्यात एका होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला होता. छोट्या छोट्या कप्प्यांचं त्यांचं लाकडी कपाट भय्याजींनी टेम्पोत घालून घरी आणलं आणि बाहेरच्या खोलीत उभं केलं. एका आडनावाला एक कप्पा. कप्प्यात घराघराची कार्डं: आडनाव, आताचं गाव, त्याआधीचं गाव, आणि खाली पिढीवार नावं, बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू. दारावर पाटी लावली, 'वंशावळ वाचनालय'. आई म्हणाली, "वाचनालय म्हनता, अन् पुस्तक एक नाही." भय्याजी म्हणाले, "मानसं वाचायची, निर्मला. पुस्तकं कायले पाह्यजेत?" आईने खोलीतली तांदळाची पोती माजघरात ओढून घेतली. तिच्याकडून ती मंजुरी होती.

मी शुभांगी, त्यांची धाकटी. लग्न होऊन भंडाऱ्यात गेले. सासरचं पितळी भांड्यांचं दुकान आहे, तिथे मी गल्ल्यावर बसते. गिऱ्हाइकांशी घासाघीस करून करून जीभ जरा तिखट झाली आहे असं लोक म्हणतात. ती आधीपासूनच तशी होती.

वाचनालय चालेल असं मला वाटलं नव्हतं, पण चाललं. महामार्गावरचं गाव असल्याने येणाऱ्याजाणाऱ्याला सोपं पडायचं. एकदा भिलाईहून बाबूलाल नावाचे एक गृहस्थ आले. आजोबा कारखान्यात कामाला म्हणून गेले ते तिकडचेच झाले. यांना मराठी धड येत नव्हती, गावाचं नाव ठाऊक नव्हतं, हाती होतं ते फक्त आडनाव. भय्याजींनी कप्पा ओढला, एकेक कार्ड वाचत गेले आणि एका कार्डावर थांबले: 'धाकटा भाऊ भिलाईला गेला, पुढे माहीत नाही.' त्याच दुपारी ते बाबूलालना घेऊन त्या गावाला गेले. तिथे एक म्हातारा काठी टेकत बाहेर आला आणि बाबूलालच्या नाकाकडे बघून म्हणाला, "हा आमचाच." हे सांगताना भय्याजींचे डोळे भरायचे. ऐकताना माझेही भरायचे, आणि मग मी उगाच स्वयंपाकघरात जायचे.

पण वाचनालयाचं रोजचं काम होतं ते लग्नाचं. आमच्याकडे एका आडनावात सोयरीक होत नाही. आडनाव एक म्हणजे घर एक, घर एक म्हणजे मुलगा-मुलगी भाऊबहीण, विषय संपला. दोघांच्या आयांचं, आज्यांचं माहेर एक तर नाही ना, तेही लोक तपासून बघतात. त्यामुळे मुलगी दाखवायच्या आधी भय्याजींकडे एक चक्कर ठरलेली. ते कार्ड काढून दाखवत आणि कुणाची भीडभाड न ठेवता सांगत. जुळत आलेली कितीतरी लग्नं त्यांनी त्या खोलीत बसून मोडली. एका बाईने तर दारात उभी राहून बोटं मोडली होती. भय्याजींनी तिला पाणी दिलं, पण निर्णय बदलला नाही.

रुचिका माझी भाची, माझ्या मोठ्या भावाची, भुपेंद्रची मुलगी. शहापूरच्या घरीच वाढलेली, आजोबांची लाडकी. कॉलेज झाल्यावर तिने सगळी कार्डं संगणकात भरली. आता आडनाव टाइप केलं की गावांची यादी यायची, गावावर बोट ठेवलं की घरं. भय्याजींना ते फार आवडलं, पण संगणकाने सांगितलं तरी ते उठून कप्पा उघडून कार्ड पाहायचेच. "मशीन खोटं नाही बोलत," म्हणायचे, "पन कार्डाले हात लावल्याबिगर मले खरं नाही वाटत."

मनिष आला तो असाच, आपलं आडनाव शोधायला. करडीचा मुलगा, मोहाडी तालुक्यातला. घरी तळ्याखालची धानाची शेती, आणि हा जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला. करडीच्या आधी आपलं घर कुठलं, एवढंच त्याला बघायचं होतं. रुचिका संगणकावर बसली होती. तिने विचारलं, "आडनाव?"

"तितिरमारे," तो म्हणाला.

रुचिकाने मान वर केली, कारण आम्हीही तितिरमारेच. आतून भय्याजी धावतच आले. "करडीचे तितिरमारे? अरे, मंग तू तर आमच्या भाऊबंदातला! रुचिका, भाऊ आला तुहा, चहा ठेव!"

रुचिकाने चहा ठेवला. पुढे म्हणाली की त्या चहात साखर घालायला विसरली होती आणि तो मुलगा एक शब्द न बोलता प्याला, तेव्हाच तिला तो आवडला. मी म्हटलं, "असे सगळेच पितात गं, पहिल्यांदा." पण खरं सांगते, मलाही तो आवडला होता. तुमची गाय आजारी आहे की तुम्हीच घाबरलात, हे तो समोरच्याला न दुखवता सांगू शकतो, हे मी नंतर पाहिलं.

आपल्या घराचं आधीचं गाव मनिषला कपाटात सापडलं नाही. त्या कार्डावर भय्याजींच्या अक्षरात एवढंच होतं: 'करडी. तितिरमारे. भाऊबंद. संबंध नाही.' पण शोध अपुरा राहिला म्हणून तो पुन्हा आला, मग पुन्हा. जनावरांचा डॉक्टर इतक्या वेळा आडनाव शोधायला येतो, हे घरात कुणालाच विचित्र वाटलं नाही, कारण तो 'भाऊ' होता. भाऊ म्हटलं की आमच्या घरातल्या सगळ्यांचे डोळे मिटतात.

श्रावण लागायच्या सुमारास रुचिकाने घरात सांगितलं की लग्न करीन तर मनिषशीच.

भुपेंद्र राइस मिलमधून घरी आला होता, त्याने डबा तसाच खाली आपटला. आईने कपाळावर हात मारला. "एकाच आडनावात? लोकं शेन घालतील वो तोंडात!" भय्याजी उठले, तितिरमाऱ्यांचा कप्पा उघडला, ते कार्ड काढलं आणि हातात धरून बसले.

"नाही जमत, बाई," ते रुचिकाला म्हणाले. "लोकांच्या पोरींले मी याच खुर्चीवर बसून नाही म्हनलो. आता घरच्या पोरीले हो म्हनू? कोन्या तोंडानं?"

मी तिथे असते तर भांडले असते. रुचिका भांडली नाही. ती भय्याजींचीच नात. तिने कार्ड त्यांच्या हातातून घेतलं आणि म्हणाली, "भय्याजी, मी पळून नाही जात. पन तुमी मले दाखवा, त्याईचं घर अन् आपलं घर कोन्या पिढीत जुळते. बाकी सगळ्यायच्या कार्डावर घराले घर जोडनारी रेघ आहे, याच्यावर नाही. जुळत असन तर राखी पंधरवड्यावर आली, मी सोता करडीले जाऊन त्याले राखी बांधतो अन् जनमभर भाऊ म्हनतो. नसन जुळत, तर मंग तुमी हो म्हना."

भय्याजी म्हणाले, "कबूल."

मग शोध सुरू झाला. सगळ्या जिल्ह्याची आडनावं लावून ठेवणाऱ्या माणसाचा स्वतःचा कप्पाच सर्वात रिकामा निघाला. लोकांच्या घरी जाऊन जाऊन त्यांनी नावं विचारली होती. आपल्या घरचं काय विचारायचं, ते तर आपल्याला ठाऊकच आहे, अशा थाटात आमचं कार्ड दोन ओळींत उरकलं होतं. करडीच्या घराबद्दल त्यांना एकच गोष्ट माहीत होती, जी त्यांच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, कृष्णरावांनी सांगितली होती: "त्या घराशी आपलं काही नाही." आजोबा तरुणपणीच करडी सोडून शहापूरला आले होते, जमिनीवरून भांडून. कुणाशी भांडले, कोणत्या जमिनीवरून, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि भय्याजींनी विचारलं नाही. वर्षानुवर्षं ते करडीच्या गाडीवर कंडक्टर म्हणून गेले, स्टँडवर चहा प्याले, आणि परत आले. त्या घराच्या दिशेने पाऊल टाकलं नाही.

रविवारी दुकान नवऱ्याच्या गळ्यात घालून मी शहापूरला गेले. रुचिका संगणकासमोर डोळे सुजवून बसली होती. तितिरमारे टाइप करायची, यादी यायची, यादी संपायची. पुन्हा टाइप करायची. जणू मधल्या वेळात एखादं गाव वाढणार होतं.

मी म्हटलं, "आपलं घर दाखव बरं."

तिने दाखवलं. कृष्णराव. त्याखाली भय्याजी. त्याखाली भुपेंद्र. आणि त्याखाली कोरं.

"मी कुठं आहे?" मी विचारलं.

रुचिकाने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सगळी कार्डं तिनेच भरलेली. तिच्याही कधी लक्षात आलं नव्हतं. "आत्या," ती हळूच म्हणाली, "मीपन नाही."

मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. राग आला, आणि रागाच्या खाली रडू. या माणसाच्या खांद्यावर बसून मी पोळ्याचे बैल बघितले, त्यांच्या तिकिटांच्या पेटीशी खेळले, तापात त्यांच्या मांडीवर झोपले, आणि त्यांच्या कपाटात मी नाही. मी तशीच उठून अंगणात गेले. भय्याजी खाटेवर बसले होते, आई तांदूळ निवडत होती.

"तुमच्या कपाटात मी कुठं आहे, भय्याजी?"

ते गोंधळले. "पोरी सासरच्या कार्डावर येतात ना, बाई. तू तुह्या सासरच्या कप्प्यात असशील."

"तिथंही नाही. तिथं तुमचा जावई आहे. म्हंजे मी कुठंच नाही."

"रीतच तशी आहे," ते म्हणाले. पण आवाज नेहमीचा नव्हता.

आईने सूप खाली ठेवलं. माझी आई मुद्द्याचं बोलायला वर्षं घेते, पण एकदा बोलली की बोलली. "शुभी खरं म्हनते," ती म्हणाली. "माह्यं नाव तरी कुठं आहे? अन् त्या करडीच्या बाईचं तरी कुठं आहे, जिच्या नावानं मामाजींनी आंघोळ केली होती?"

मामाजी म्हणजे तिचे सासरे, कृष्णराव आजोबा.

"कोनती आंघोळ?" भय्याजी म्हणाले.

"तुमी ड्युटीवर होते. मी नवीन सून. करडीच्या बाजारातून कोनी निरोप आनला का त्या घरची बाई वारली. मामाजी उठले, विहिरीवर गेले अन् अंगावरच्या कपड्यासकट डोक्यावरून पानी घेतलं. मी म्हनलं, गरम पानी देतो. तर म्हने, नोको. तसेच ओल्यानं बसून राहिले. दुसऱ्या दिवशी मोकळे."

भय्याजी खाटेवरून उठले. "अन् त्याच्या आधी, त्या घरचा मानूस गेला तवा? सुतक पाळलं?"

"नाही. ऐकलं अन् सोडून देलं. मले वाटलं, भांडन आहे म्हनून."

"भांडन झालं तरी सुतक सुटत नाही, निर्मला."

हे मात्र भय्याजींइतकं कुणाला ठाऊक असणार? एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊ एकाच छपराखाली वेगवेगळ्या खोल्यांत सुतक पाळून बसलेले त्यांनी पाहिले होते. आमच्याकडे रीत सरळ आहे. कुळातला पुरुष गेला की दहा दिवस सुतक, मग तो मित्र असो की वैरी. लग्न झालेली लेक गेली की निरोप ऐकल्या जागी अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ, आणि माणूस मोकळा. त्या घरच्या पुरुषाचं सुतक नाही, म्हणजे तो आमच्या कुळाचा नव्हता. बाईची आंघोळ केली, म्हणजे ती आमची लेक होती.

भय्याजी अंगणाच्या मधोमध उभे होते. "जावई," ते म्हणाले. "तो घरजावई होता. अन् ती..." त्यांनी आईकडे पाहिलं. "ती माही आत्या होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी भय्याजी, आई आणि मी करडीला गेलो. रुचिकाला मुद्दाम नेलं नाही. तिने जाताना विचारलं, "भय्याजी, मी राख्या आनायले भंडाऱ्याले जाऊ का नोको?" भय्याजी म्हणाले, "थांब दोन दिवस." बसमध्ये त्यांनी कुणालाही आडनाव विचारलं नाही. शेजारच्या माणसाने आपणहून सांगितलं तरी नुसती मान हलवली. धानाची रोवणी होऊन गेलेली होती, शेतांच्या बांध्या पाण्याने भरलेल्या होत्या, आणि करडीच्या तळ्याच्या पाळीवरून चालताना ते एकदम म्हणाले, "माह्या बापाचं हे गाव, अन् मले घर विचारा लागते." आई म्हणाली, "विचारा मंग, चालत काहून राहिले?"

घर विचारावं लागलं नाही. मनिष पाळीच्या टोकाला उभाच होता. रुचिकाने त्याला फोन केलेला असणार. तो आम्हाला त्याच्या आजोबांकडे, यादोरावांकडे घेऊन गेला. यादोराव भय्याजींपेक्षा थोडे मोठे, ताठ, अंगात बंडी. त्यांनी पडवीत खुर्च्या मांडायला लावल्या, प्यायला पाणी दिलं आणि कोर्टात बसल्यासारखे समोर बसले. त्यांची बायको, सुशीलाबाई, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

भय्याजींनी आडपडदा ठेवला नाही. "दादा, तुमच्या मायचं नाव काय होतं?"

यादोरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. "जनाबाई," ते म्हणाले. "तुमच्या बापाच्या सख्ख्या काकाची पोरगी. एकुलती एक. तिच्या बापानं माह्या बापाले पवनीकडून घरजावई आनलं. त्याचं आडनाव सेलोकर. शाळेत मास्तरनं आमाले घराचं आडनाव लावलं, तवापासून आमी तितिरमारे. तुमच्या बापाले वाटलं, काका मेल्यावर शेती पुतन्याले येईन. ते जावयाले गेली. तो गाव सोडून गेला."

सगळं इतकं सोपं होतं. इतकी वर्षं एक प्रश्न विचारायचा राहिला होता. भय्याजींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा उजेड आला. ते खुर्चीत पुढे सरकले. "म्हंजे दादा, तुमी माहे आतेभाऊ! मनिष आतेघरचा! अन् आतेच्या घरी भाची देनं तर पहिला मान. मी तर त्याले भाऊ म्हनून बसलो होतो!"

मी आईकडे पाहिलं. तिच्याही डोळ्यांत हसू होतं. तेच घर, तेच रक्त, पण मधे एक बाई दिसली आणि भाऊ होता तो हक्काचा जावई झाला. कपाटात ती बाई नव्हती म्हणून सगळा घोटाळा. आता झालं, असं मला वाटलं.

पण यादोराव हसले नाहीत.

"आता आठवली आत्या?" ते म्हणाले. "पोरगी द्यायची वेळ आली तवा? माह्या मायले सासर अन् माहेर एकच घर. बाप मेल्यावर माहेर म्हनून एक तुमचा बाप उरला होता. दर दिवाळीले गावातल्या सगळ्या बायाईचे भाऊ येत. माही माय भाऊबीजेले ताट घेऊन अंगनात उभी राहे अन् चंद्राले ओवाळे. ज्या बाईले भाऊ नाही ते चंद्राले ओवाळते. तिले भाऊ होता. शहापूरले होता. बसनं येता येत होतं. तुमी तर त्याच बसवर होते."

मनिष आजोबांच्या मागे मान खाली घालून उभा होता. मला वाटलं, संपलं. हा म्हातारा नाही म्हणणार, आणि त्याचं चुकत नाही. रुचिकाचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

"मी आलो नाही," भय्याजी म्हणाले. "मले मालूम नव्हतं, असं म्हनता येईन. पन मी लोकायले जनमभर हेच विचारत फिरलो अन् आपल्या घरात विचारलं नाही. आता सोयरीक होवो का नाही होवो, तुमी म्हनाल तसं. पन आत्याचं नाव मले द्या. तिचं कार्ड मी करतो. सगळ्यात वरतं तिचं नाव, खाली तुमचं."

यादोराव म्हणाले, "कार्डाचं काय घेऊन बसले? मेली तवा तुमच्या बापाले निरोप धाडला होता. कोनी आलं नाही."

मग आई बोलली. "दादा, ते आले नाहीत. पन निरोप आला तवा मी घरी होतो. मामाजी विहिरीवर गेले अन् कपड्यासकट आंघोळ केली. थंडीचे दिवस होते. मी गरम पानी देतो म्हनलं, घेतलं नाही. दिवसभर ओल्या कपड्यानं बसले. रात्री ताप भरला. मी डोक्यावर पट्ट्या ठेवल्या, अन् ते तापात एकच म्हनत होते, 'जना गेली, जना गेली.' मले मालूम नव्हतं, जना कोन."

हे शेवटचं तिने आम्हालाही सांगितलं नव्हतं. कदाचित तिथे, त्या पडवीतच तिला आठवलं असेल.

यादोरावांनी तोंड फिरवलं. तळ्याच्या दिशेने बघत राहिले. "जना म्हने?" त्यांनी विचारलं.

"जनाच म्हने," आई म्हणाली.

"तिले जना म्हननारा कोनी राहिलाच नव्हता," यादोराव म्हणाले. "आमी माय म्हनत. गाव जनाबाई म्हने."

ते उठले. भय्याजीही उठले, आता आपल्याला निघायला सांगतील असं समजून. यादोराव दाराशी गेले आणि सुशीलाबाईंना म्हणाले, "उभी काहून आहेस? पाय धुवाले पानी आन. माह्या मायच्या माहेरचे आले."

सुशीलाबाई तांब्या घेऊन आल्या. भय्याजी पाय पुढे करेनात, तेव्हा यादोरावांनी तांब्या स्वतः हातात घेतला आणि वाकून त्यांच्या पायावर पाणी घातलं. दोघेही म्हातारे, एक वाकता येत नसताना वाकलेला आणि दुसरा नको नको म्हणत रडत असलेला. मनिष मधे पडायला निघाला, मी त्याचा हात धरून थांबवला. मलाही रडू येत होतं आणि लपवायला इथे माझं स्वयंपाकघर नव्हतं.

मग आत पानं मांडली. नव्या तांदळाला अजून वेळ होता, मागच्या वर्षीच्या धानाचा भात, वरण, बेसनाच्या पातोडीची भाजी. भय्याजी पाटाशी घुटमळले. मुलीकडचे होते ना. सोयरीक ठरायच्या आधीच मुलाच्या घरी जेवायला बसणं त्यांना बरं वाटेना. "दादा, आधी पोरापोरीचं बोलून घेऊ," ते म्हणाले. "मंग जेवतो."

"त्याईचं होईनच," यादोराव म्हणाले. "मी येतो पोरगी मागाले शहापूरले, वाजतगाजत येतो. पन सोयरे म्हनून मंग जेवजा. आज माहेरचे म्हनून जेवा. तिच्या घरी तिच्या माहेरचं कोनी जेवलंच नाही कधी."

भय्याजी पाटावर बसले. वाढपाला सुशीलाबाई होत्या. भय्याजींनी भात दोनदा मागून घेतला.